ध्रुवाजवळची आकस्मिक तापवाढ विषुववृत्तावरच्या आयनांबरापर्यंत कशी पोहोचते?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: हिवाळ्यात उत्तर ध्रुवाजवळ, जमिनीपासून साधारण ३० किलोमीटर उंचीवर, काही दिवसांत तापमान चाळीस-पन्नास अंशांनी चढतं. त्याच सुमारास १०० किलोमीटरवरचे वारे बदलतात, तिथल्या हवेतल्या भरती-ओहोटीच्या लहरींचा जोर बदलतो आणि थेट विषुववृत्तावर, ३०० किलोमीटर उंचीवर, आयनांबर (विद्युतभारित कणांचा थर) नेहमीपेक्षा वेगळ्या वेळी वर चढू आणि खाली उतरू लागतं. ध्रुवावरची उष्णता इतक्या दूर जाते कशी? आणि पुढची मोठी घटना जाहीर झाली की काय पाहावं?

उष्णता जातच नाही. ध्रुवावर जे तापतं ते तिथेच तापतं आणि काही आठवड्यांत तिथेच निवतं. दूरवर पोहोचतो तो लहरींचा परिणाम. खालून वर जाणाऱ्या लहरींना वाटेत भेटणारे वारे बदललेले असतात, त्यामुळे कोणत्या लहरी वर पोहोचतील, किती जोराने आणि कोणत्या वेळी, हे सगळं बदलतं. म्हणून वरच्या वातावरणाचा अभ्यास करणाऱ्याने तापमानाच्या आलेखापेक्षा वाऱ्याचा आलेख आधी उघडावा, असं माझं ठाम मत आहे. मी मुख्यतः रडार आणि चुंबकमापकांच्या नोंदींवर काम करते. या विषयातले बहुतेक गैरसमज तापमानाला कारण आणि वाऱ्याला परिणाम मानल्यामुळे झालेले दिसतात.

सुरुवात स्थितांबरापासून (साधारण १० ते ५० किलोमीटर उंचीच्या थरापासून) करू. ही घटना पहिल्यांदा १९५२ च्या हिवाळ्यात बर्लिनमध्ये रिचर्ड शेरहाग यांना फुग्यांबरोबर सोडलेल्या उपकरणांच्या नोंदींत दिसली. हिवाळ्यात ध्रुवावर सूर्य उगवत नाही. तिथलं स्थितांबर उणे ७०-८० अंशांपर्यंत थंडावतं आणि ध्रुवाभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या जोरदार वाऱ्यांचं कडं तयार होतं. हाच ध्रुवीय भोवरा. खाली तपांबरात (जमिनीलगतच्या थरात) डोंगररांगांमुळे आणि जमीन-समुद्राच्या तापमानातल्या फरकामुळे वाऱ्याच्या प्रवाहाला हजारो किलोमीटर लांबीची वळणं पडतात. त्यांना ग्रहीय लहरी म्हणतात. या लहरी वर चढतात, हवा विरळ होत जाते तसा त्यांचा आयाम (चढउताराचा आकार) वाढतो आणि शेवटी त्या मोडतात. मोडताना त्या हवेला पश्चिमेकडे रेटा देतात, त्यामुळे भोवऱ्याचा वेग कमी होतो. पृथ्वीच्या भ्रमणामुळे या रेट्याचा परिणाम असा होतो की हवा ध्रुवाकडे सरकते, ध्रुवावर ती खाली उतरते आणि उतरताना दाबली गेल्यामुळे तापते. बाहेरून उष्णता आणून टाकणारं इथे काही नाही. तापवाढ ही वारा अडल्याची खूण आहे. तारो मात्सुनो यांनी १९७१ मध्ये ही यंत्रणा गणिताने मांडली आणि तिचा गाभा आजही तसाच टिकून आहे.

६० अंश उत्तर अक्षवृत्तावर, १० हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीवर (म्हणजे सुमारे ३० किलोमीटरवर) संपूर्ण अक्षवृत्ताची सरासरी घेतलेला वारा पूर्वेकडे वाहण्याऐवजी पश्चिमेकडे वाहू लागला, की ती मोठी घटना धरतात. तापमानाचा उतार उलटला (म्हणजे ध्रुव मध्य अक्षांशांपेक्षा उबदार झाला) पण वारा उलटला नाही, तर ती किरकोळ. उत्तर गोलार्धात दर दशकात सरासरी सहाच्या आसपास मोठ्या घटना होतात. दक्षिणेत डोंगर आणि जमीन कमी, म्हणून ग्रहीय लहरी दुबळ्या आणि भोवरा दणकट. तिथे या व्याख्येत बसणारी मोठी घटना एकदाच नोंदली गेली आहे, सप्टेंबर २००२ मध्ये. सप्टेंबर २०१९ मध्येही तिथे तापमान विलक्षण चढलं, पण १० हेक्टोपास्कलवरचा वारा उलटला नाही, म्हणून व्याख्येनुसार ती किरकोळ ठरली. वरच्या वातावरणात मात्र तिचे पडसाद चांगलेच उमटले. एका अक्षवृत्तावरची एक सरासरी ही सोयीची रेघ आहे, एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

आता मध्यांबराकडे, म्हणजे स्थितांबराच्या वरच्या थराकडे. इथे मुख्य काम करतात त्या गुरुत्व लहरी. कृष्णविवरांच्या टकरीतून निघणाऱ्या लहरींशी यांचा काही संबंध नाही. वादळं, डोंगर, जेट प्रवाह यांमुळे हवा वरखाली हलली की उठणाऱ्या, काही दहा ते काही शे किलोमीटर लांबीच्या या लहरी. त्या सर्व दिशांना निघतात. वर चढताना वाटेत लहरीच्या वेगाइतकाच वेग असलेला वारा भेटला, की ती लहर तिथेच शोषली जाते. नेहमीच्या हिवाळ्यात स्थितांबरातला वारा पूर्वेकडे वाहत असतो, त्यामुळे पूर्वेकडे जाणाऱ्या लहरींपैकी बऱ्याचशा वाटेतच गाळल्या जातात आणि पश्चिमेकडे जाणाऱ्या वर पोहोचून ६० ते ९० किलोमीटरच्या पट्ट्यात मोडतात. त्यांचा पश्चिमेकडचा रेटा मध्यांबरातली हवा ध्रुवाकडे ढकलतो, ती ध्रुवावर उतरते आणि तापते. महिनोन्महिने ऊन नसतानाही हिवाळ्यात ध्रुवावरचं मध्यांबर त्या मानाने उबदार राहतं ते यामुळेच.

स्थितांबरातला वारा उलटला की हे गाळणंही उलटतं. आता पश्चिमेकडे जाणाऱ्या लहरी अडतात आणि पूर्वेकडे जाणाऱ्यांना वाट मोकळी होते. मध्यांबरातला ध्रुवाकडचा प्रवाह मंदावतो, कधी उलटतो. उतरणारी हवा उतरेनाशी होते आणि तिथे तापमान काही दहा अंशांनी घसरतं. खाली तापलं आणि वर थंडावलं, या जोडीचं कोडं एवढ्यात सुटतं. ‘खालची उष्णता वर गेली’ असं मानणाऱ्याला मात्र वरच्या थंडाव्याचा हिशोब कधीच लागणार नाही.

इथे काळाच्या क्रमाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती वाचणाऱ्याला गोंधळात टाकते. ८० ते १०० किलोमीटरवरचे वारे मोजणाऱ्या उल्का रडारवर बदल दिसतो तो पुष्कळदा १० हेक्टोपास्कलवरचा वारा उलटण्याच्या काही दिवस आधी. मग कारण वर आणि परिणाम खाली असं म्हणायचं का? तसं नाही. ग्रहीय लहरींचा परिणाम आधी वरच्या विरळ हवेत दिसतो, कारण तेवढ्याच रेट्याने हलायला तिथे वस्तुमान कमी असतं. मग वारा उलटण्याची पातळी दिवसागणिक खाली सरकते. १० हेक्टोपास्कलवर ती पोहोचते तेव्हा आपण तारीख लावतो, इतकंच. घटना तोवर वरच्या थरांत बरीच पुढे गेलेली असते. म्हणून घटनेचा दिवस ‘शून्य दिवस’ धरून वरच्या नोंदींची सरासरी काढणाऱ्यांनी तो कोणत्या पातळीवरून ठरवला हे आधी पाहावं. पातळी बदलली की सरासरीचं चित्र बदलतं.

काही घटनांनंतर, उदाहरणार्थ २००६, २००९ आणि २०१३ मध्ये, स्थितांबर आणि मध्यांबर यांच्यातली सीमा नेहमीच्या ५०-५५ किलोमीटरवरून नाहीशी झाली आणि ७५-८० किलोमीटरच्या आसपास नव्याने तयार होऊन हळूहळू खाली आली. तिच्याबरोबर वरच्या थरांतला नायट्रिक ऑक्साइडही खाली उतरतो. तो स्वतंत्र आणि मोठा विषय आहे. इथे एवढंच पुरे, की घटना संपली म्हणून वरच्या वाऱ्यांची घडी लगेच पूर्ववत बसत नाही. ती बसायला कित्येक आठवडे जातात.

पण हे सारं अजून ध्रुवाच्या आणि मध्य अक्षांशांच्या परिसरातलं झालं. विषुववृत्तापर्यंत नेणारी कडी म्हणजे वातावरणातल्या भरती-ओहोटीच्या लहरी. पुढे मी त्यांना नुसतं भरतीलहरी म्हणेन. समुद्राची भरती मुख्यतः चंद्राच्या ओढीने येते. वातावरणात मात्र मुख्य चालक सूर्याची उष्णता आहे. तपांबरातली पाण्याची वाफ आणि ३० ते ५० किलोमीटर पट्ट्यातला ओझोन दिवसा ऊन शोषतात, रात्री ते थांबतं. या रोजच्या तापण्या-निवण्यातून २४ तासांच्या, १२ तासांच्या आणि त्याहून कमी काळाच्या लहरी उठतात. यांतल्या ज्या सूर्याबरोबर पश्चिमेकडे सरकतात त्यांना सूर्यानुगामी म्हणू. १२ तासांच्या सूर्यानुगामी लहरीचा बराचसा वाटा ओझोनमधून येतो. हे पुढे लागणार आहे.

भरतीलहरी वर इतक्या दांडग्या का होतात, याचा हिशोब सोपा आहे. जमिनीपासून १०० किलोमीटरवर पोहोचेपर्यंत हवेची घनता सुमारे वीस लाख पटींनी कमी होते. लहरीची ऊर्जा टिकायची तर आयाम घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढला पाहिजे, म्हणजे सुमारे चौदाशे पट. वाटेत बरीच ऊर्जा झिजते हे खरं, तरीही जमिनीवर कोणाच्या ध्यानातही न येणारी झुळूक १०० किलोमीटरवर सेकंदाला काही दहा मीटर वेगाचा वारा होऊन उभी राहते. त्या उंचीवर सरासरी वारा आणि भरतीचा वारा एकाच तोलाचे असतात. खालच्या बदलांचा पडसाद वर एवढा मोठा उमटतो त्याचं मूळ इथे आहे.

आकस्मिक तापवाढीत या लहरी बदलतात त्यामागे एकच कारण नाही, आणि ज्याला त्याला आपलं कारण मोठं वाटतं. मला दिसणारं चित्र सांगते.

पहिलं कारण ओझोन. ध्रुवावर हवा उतरते तेव्हा उष्णकटिबंधात ती चढते. तिथलं स्थितांबर काही अंशांनी थंडावतं, वाहतूकही बदलते आणि वरच्या स्थितांबरात ओझोन वाढतो. ओझोन वाढला की १२ तासांच्या लहरीचा उगमच जोर धरतो. हा परिणाम हळू आहे पण टिकाऊ आहे. घटनेनंतर आठवडे-दोन आठवडे भरतीलहरी चढलेल्याच राहतात, त्याचा काही भाग याच्या खात्यावर टाकता येतो. दुसरं कारण वाट. भरतीलहर उंच आणि रुंद असते, तिला वाटेतला पूर्व-पश्चिम वारा आणि तापमानाचा उतार दोन्ही जाणवतात. ते बदलले की तिच्यातला कोणता भाग वर पोहोचेल आणि कोणत्या अक्षांशावर फुगेल हेही बदलतं. पुष्कळ घटनांत मध्य आणि उच्च अक्षांशांवर १२ तासांची लहर सुरुवातीला दबते आणि काही दिवसांनी नेहमीपेक्षा वर जाते. या चढउताराला ओझोनचं कारण पुरत नाही. तिथे वाटेचा बदलच मोठा असावा, असं मला वाटतं.

तिसरं कारण लहरींची आपसातली देवघेव. १२ तासांच्या सूर्यानुगामी लहरीचे पृथ्वीभोवती दोन माथे असतात. तिची एका माथ्याच्या, जागच्या जागी थांबलेल्या ग्रहीय लहरीशी गाठ पडली, की एक आणि तीन माथ्यांच्या नव्या लहरी निघतात, आणि त्यांचाही काळ १२ तासच. या सूर्याच्या मागोमाग जात नाहीत, म्हणून एकाच स्थानिक वेळेला वेगवेगळ्या रेखांशांवर वेगळा वारा दिसू लागतो. एका देशातल्या रडारवर भरती वाढली आणि दुसऱ्या खंडातल्या रडारवर घटली, असं दिसलं तर कोणाची मोजणी चुकली म्हणून शोधू नये. तसंच दिसायला हवं.

चौथं कारण चंद्र. या एकाच कारणावर दोन-चार परिच्छेद खर्च करण्यासारखं त्यात आहे.

चंद्राच्या ओढीने वातावरणातही भरती येते, १२ तास २५ मिनिटांच्या काळाची, म्हणजे १२.४२ तासांची. विषुववृत्तावर जमिनीपाशी सूर्याची १२ तासांची लहर हवेच्या दाबात सुमारे १ हेक्टोपास्कलचा चढउतार करते. चंद्राची लहर त्याच्या दहाव्या भागाहूनही लहान. एरवी तिला शोधायला वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात. पण आकस्मिक तापवाढीच्या काळात वरच्या वातावरणात ती अचानक सूर्याच्या लहरीच्या बरोबरीला येऊ शकते. ओढ तर बदललेली नाही, मग हे होतं कसं?

उत्तर अनुनादात आहे. झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या लयीत दिलेला हलका धक्काही त्याला उंच नेतो, तसं वातावरणाचेही काही नैसर्गिक आवर्तकाळ असतात आणि ते तापमानाच्या व वाऱ्याच्या उभ्या रचनेवर ठरतात. आकस्मिक तापवाढीने ती रचना बदलली की यांतला एक आवर्तकाळ सरकून १२.४२ तासांच्या जवळ येतो. मग चंद्राचा तोच क्षीण धक्का मोठा परिणाम घडवतो. जेफ्री फोर्ब्स आणि शियाओली झांग यांनी २०१२ मध्ये जानेवारी २००९ च्या घटनेसाठी हे दाखवून दिलं.

या कल्पनेचा इतिहास मला फार आवडतो. सूर्याची १२ तासांची लहर २४ तासांच्या लहरीपेक्षा जमिनीवर मोठी का, हे कोडं सोडवायला लॉर्ड केल्व्हिन यांनी १८८२ मध्ये अनुनादच सुचवला होता. चैम पेकेरिस यांनी १९३७ मध्ये त्याला गणिताची बैठक दिली. पुढे रॉकेटांनी वरचं खरं तापमान मोजलं, तेव्हा १२ तासांच्या अनुनादाला लागणारी रचना तिथे नाही हे कळलं, आणि १९६३ मध्ये ओझोनच्या उष्णतेने ते कोडं सुटलं. अनुनाद बाजूला पडला. सूर्यासाठी पडला तो योग्यच पडला. पण पेकेरिस यांनी शोधलेला वातावरणाचा तो नैसर्गिक आवर्तकाळ खरा होता, आणि अर्ध्या शतकानंतर चंद्रासाठी तोच उपयोगी ठरला.

चंद्राच्या लहरीची ओळखखूण सोपी आहे. चांद्रदिवस सुमारे २४ तास ५० मिनिटांचा, म्हणून तिचा माथा रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येतो. अमावस्या आणि पौर्णिमेच्या आसपास तिच्या परिणामाची वेळ सूर्याच्या लहरीशी अशी जुळते की सकाळी आयनांबर वर आणि दुपारी खाली, असा नमुना ठळक होतो. मोठा बदल बऱ्याचदा या दोन तिथींच्या आसपास सुरू होतो, त्याचं कारण हेच.

आता शेवटची कडी. १०० ते १३० किलोमीटरच्या पट्ट्यात हवा अंशतः आयनित असते. भरतीचा वारा तिथले आयन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून आडवे ओढतो आणि विद्युतक्षेत्र तयार होतं. चुंबकीय विषुववृत्तावर हे क्षेत्र दिवसा पूर्वेकडे असतं. पूर्वेकडचं विद्युतक्षेत्र आणि उत्तरेकडचं आडवं चुंबकीय क्षेत्र मिळून आयनांबरातल्या प्लाझ्माला (आयन आणि इलेक्ट्रॉनांच्या वायूला) वर उचलतात. उचललेला प्लाझ्मा चुंबकरेषांवरून घसरत दोन्ही बाजूंना १५ अंशांच्या आसपास साठतो. भरतीलहर बदलली की विद्युतक्षेत्र बदलतं, आणि ते बदललं की विषुववृत्तावरचा सारा उभा प्रवास बदलतो. ध्रुवावरच्या घटनेला विषुववृत्तावर यायला वाऱ्याने हवेचा एक कणही तिथपर्यंत वाहून आणावा लागत नाही.

जानेवारी २००९ ची घटना या विषयाची कसोटी ठरली, आणि त्यामागे चांगलं कारण आहे. भोवरा दुभंगून झालेली ती अत्यंत जोरदार घटना होती. १० हेक्टोपास्कलवरचा वारा २४ जानेवारीला उलटला. सूर्य त्या वर्षी गेल्या अनेक दशकांतल्या सर्वांत शांत काळात होता आणि चुंबकीय वादळंही नव्हती, म्हणून जे दिसलं त्याचा दोष सूर्यावर टाकता येत नव्हता. शिवाय २६ जानेवारीला अमावस्या होती, त्याच दिवशी कंकणाकृती सूर्यग्रहणही झालं. दुसऱ्या दिवशी पेरूमधल्या हिकामार्का रडारवर आयनांबराचा सकाळचा चढ नेहमीपेक्षा कितीतरी जोरदार दिसला आणि दुपारी तोच प्लाझ्मा खाली उतरताना दिसला, जो एरवी दिवसभर हळूहळू चढत असतो. उपग्रहांच्या रेडिओ संकेतांवरून मोजलेल्या इलेक्ट्रॉनांच्या एकूण संख्येत ५० ते १५० टक्क्यांचे बदल निघाले. मध्यम प्रतीच्या चुंबकीय वादळात दिसतात तेवढे मोठे! आणि पुढच्या दिवसांत हा नमुना रोज थोडा उशिरा सरकत गेला.

जानेवारी २०१३ मध्ये सूर्य त्या मानाने बराच सक्रिय होता. तरीही असाच नमुना दिसला, म्हणून शांत सूर्याचा आग्रह धरायची गरज नाही. शांत सूर्यात हा परिणाम सुटा पाहायला सोपा पडतो, एवढंच.

चुंबकमापकांच्या जगात हे सारं जुनंच आहे. चुंबकीय विषुववृत्तावर दिवसा १०५ किलोमीटरच्या आसपास पूर्वेकडे वाहणारा प्रखर विद्युतप्रवाह, विषुववृत्तीय इलेक्ट्रोजेट, काही दुपारी उलटा वाहतो. भारतात तिरुनेलवेली आणि अलिबाग इथल्या नोंदींची वजाबाकी करून हा प्रवाह काढतात, कारण तिरुनेलवेली चुंबकीय विषुववृत्ताजवळ आहे आणि अलिबाग त्यापासून पुरेसं दूर. आकस्मिक तापवाढीच्या काळात उलट्या प्रवाहाच्या दुपारी ओळीने येतात. आणि १९४० मध्येच यूलियस बार्टेल्स आणि हॅरिएट जॉन्स्टन यांनी पेरूमधल्या वांकायोच्या नोंदींत असे दिवस टिपले होते की ज्यांत चंद्राचा वाटा अचानक फुगलेला असतो. शेरहाग यांच्या शोधाला तेव्हा बारा वर्षं अवकाश होता. स्थितांबराचं नावही न घेता त्याच्या उलथापालथीची सावली जमिनीवरच्या होकायंत्रात उतरली होती, आणि दोन्ही टोकं जुळायला पुढे कित्येक दशकं गेली.

आता सावधगिरीचं, आणि हे मी जरा आग्रहाने सांगते. ‘चंद्राची लहर वाढली’ हे वाक्य आज फार सहज लिहिलं जातं. १२ आणि १२.४२ तासांच्या लहरी वेगळ्या करायला किमान १४.८ दिवसांची सलग नोंद लागते. घटना मात्र त्याहून कमी दिवसांत रंग बदलते. त्या पंधरवड्यात सूर्याच्या १२ तासांच्या लहरीचा माथा रोज थोडा उशिरा सरकत गेला, तर गणिताला तो सरकणारा माथा चंद्राची लहर म्हणूनच दिसेल. त्याहून मोठी अडचण ग्रहीय लहरींची. हिवाळ्यात १६ दिवसांच्या आसपास काळाची ग्रहीय लहर नेहमी सापडते. तिने १२ तासांच्या लहरीचा जोर कमीजास्त केला, तर दोन बाजूच्या लहरी निघतात, एक ११.६४ तासांची आणि दुसरी १२.३९ तासांची. ही दुसरी चंद्राच्या इतकी जवळ आहे की दोन्ही वेगळ्या करायला सहा महिन्यांहून अधिक सलग नोंद हवी. काही आठवड्यांच्या घटनेसाठी ते शक्यच नाही.

मग करायचं काय? ११.६४ तासांची जोडीदार लहर दिसते का ते पाहावं. ती दिसली तर १२.३९ वाल्या अर्थाला बळ येतं. चंद्राच्या कलांशी नातं टिकतं का हे एकाच नव्हे, अनेक घटनांत तपासावं, कारण ग्रहीय लहरींना अमावस्येची तमा नसते. आणि संगणकावरच्या प्रतिमानात चंद्राची ओढ चालू ठेवून व बंद करून दोन्ही निकाल जुळवावेत. २००९ सारख्या घटनेत चंद्राचा वाटा मोठा होता याविषयी मला शंका नाही. प्रत्येक घटनेला तोच साचा लावणं मला पटत नाही.

एका ठिकाणच्या रडारला आणखी एक मर्यादा आहे. एक, दोन आणि तीन माथ्यांच्या १२ तासांच्या लहरी त्याला एकच दिसतात. त्या सुट्या करायला साधारण एकाच अक्षवृत्तावर, दूरदूरच्या रेखांशांवर रडारं हवीत. उपग्रह सगळे रेखांश पाहतो, पण त्याचं दुखणं वेगळं. टाइम्ड उपग्रहावरच्या, तापमान मोजणाऱ्या सेबर उपकरणाला सगळ्या स्थानिक वेळा पाहून व्हायला ६० दिवस लागतात, आणि सूर्यसमकालिक कक्षेतला उपग्रह तर रोज त्याच दोन वेळा पाहतो. म्हणजे रडारला माथे मोजता येत नाहीत आणि उपग्रहाला दिवस. दोघांची सांगड घातल्याशिवाय या विषयात ठाम बोलू नये.

दोन गोष्टी वेगाने सांगून पुढे जाते. उत्तर हिवाळ्यातल्या घटनेचा परिणाम दक्षिण ध्रुवावरच्या उन्हाळी मध्यांबरातही पोहोचतो. मधल्या वाऱ्यांमुळे तिथलं गुरुत्व लहरींचं मोडणं बदलतं, ८५-९० किलोमीटरवर तापमान काही अंशांनी चढतं आणि तिथले निशादीप्त ढग (रात्री चमकणारे अतिउंच ढग) विरळ होतात. आणि वरच्या थर्मोस्फिअरमध्ये (मध्यांबराच्या वरच्या थरात) हवेची घनता काही टक्क्यांनी कमी झाल्याचं उपग्रहांच्या कक्षांवरून निघालं आहे. भरतीलहरी वर झिजताना तिथल्या अभिसरणावर आणि वायूंच्या मिश्रणावर परिणाम करतात, त्याचा हा भाग असावा.

व्यवहाराच्या दृष्टीने यातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे पूर्वसूचना. सौर वादळाची खबर तासांच्या, फार तर दोन-तीन दिवसांच्या अंतराने मिळते. आकस्मिक तापवाढ मात्र हवामानाच्या प्रतिमानांत आठवडा-दहा दिवस आधी दिसू लागते, आणि आयनांबरावरचा परिणाम त्यानंतर दोन-तीन आठवडे टिकू शकतो. उपग्रहांवरून स्थान निश्चित करणाऱ्यांसाठी आणि लघुलहरी रेडिओ वापरणाऱ्यांसाठी ही मुदत मोठी आहे. अडचण एवढीच की नेहमीच्या हवामान प्रतिमानांचं छत ८० किलोमीटरच्या आसपास संपतं. जमिनीपासून थर्मोस्फिअरपर्यंत सलग जाणारी प्रतिमानं आहेत, जानेवारी २००९ चा नमुना त्यांनी चांगला उभा केला आहे, पण गुरुत्व लहरी त्यांच्या जाळीत मावत नाहीत आणि त्यांचा परिणाम सूत्रांनी अंदाजे भरावा लागतो. वरच्या वाऱ्याच्या अंदाजातली चूक बरीचशी तिथूनच येते.

पुढची मोठी घटना जाहीर झाली की काय पाहावं, असंही प्रश्नात होतं. ६० अंशांवरचा वारा १० हेक्टोपास्कलवरच न पाहता ३० ते ८० किलोमीटरपर्यंतच्या सगळ्या पातळ्यांवर पाहा. उलट्या वाऱ्याचा थर किती जाड आणि किती दिवस टिकला याची नोंद ठेवा. पंचांगात अमावस्या-पौर्णिमा कधी आहे ते शोधा. चुंबकीय वादळाचे दिवस आधीच वगळा. मग चुंबकीय विषुववृत्ताजवळच्या एका केंद्राची सकाळी ७ ते संध्याकाळी ५ पर्यंतची नोंद रोज एकाखाली एक मांडा. दुपारच्या उलट्या प्रवाहाची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकत असेल तर चंद्राच्या लहरीचा संशय घ्या. ती एका जागी थांबून नुसती खोल होत असेल, तर ओझोन आणि बदललेली वाट यांच्याकडे वळा.